तेवीस किलो चारशे

मी गुळाचा व्यापारी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमची पेढी आहे, थोरला भाऊ अण्णा आणि मी मिळून चालवतो. लिहिण्याचा आणि माझा संबंध पावतीपुरता. पण गेल्या दीड वर्षात मला जे झालं ते ऐकायला लोक घरी येतात, फोन करतात, आणि सांगता सांगता माझा जबडा दमतो. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही, जबडा दमणं हे माझ्या आजाराचं लक्षणच आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. ज्याच्या घरी असं काही चाललं असेल त्यानं वाचावं आणि माझ्यासारखा गाढवपणा करू नये.

हातातला तोल

आमच्या घरात माणसाची किंमत त्याच्या हातावरून ठरते. रवा, म्हणजे गुळाची ढेप, उचलायचा आणि काट्यावर घालायच्या आधी वजन सांगायचं. वडील सांगायचे, अण्णा सांगतो, पण माझ्याइतका हात कुणाचाच नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय, आणि का सांगू नये? दहा किलोच्या रव्यात शंभर ग्रॅमचा फरक मला कळायचा. बाजारातून आणलेली भाजीची पिशवीसुद्धा माझी बायको विजया आधी माझ्या हातात द्यायची आणि मग हसत म्हणायची, "सांगा, आज भाजीवाल्यानं किती मारलं?"

आमच्या पेढीवर मारुतीमामा तोलाईला आहेत. माल काट्यावर घालायचा आणि मोठ्यानं वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. राधानगरीकडचा माणूस, आवाज पहाडी. मी वजन सांगायचो, मामा काट्यावर बघायचे आणि म्हणायचे, "काट्याला उगंच कामाला ठेवलंय ओ शेठ." असं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यामुळे माझा हात चुकेल हा विचार मला कधी शिवलाच नाही.

सायकल

आमचा सात-आठ जणांचा सायकलचा कंपू आहे. रविवारी जोतिबाचा डोंगर, कधी पन्हाळा. त्या उन्हाळ्यात मी मागे पडायला लागलो. आधी घाटातल्या शेवटच्या वळणावर, मग निम्म्यातच. एक्कावन्न वर्षं झाली होती, म्हटलं वय दुसरं काय करणार? पण कंपूतला साठीचा गडी माझ्या पुढे जाऊन चहा पीत बसायचा, ते काही सहन होईना. मी विजेची माउंटन बाइक घ्यायची ठरवली.

दुकानात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती सायकल वाटलीच नाही. म्हशीच्या रेडकासारखी दणकट. जाड टायर, पेडलांच्या मधोमध मोटर, तिरक्या दांडीच्या पोटात बॅटरी. दुकानदार समजावत होता की हिला मोपेड समजू नका, पाय मारला तरच मोटर मदत करते, पाय थांबला की तीही थांबते. मला ते फार आवडलं. फुकटचं काही घेतोय असं वाटत नव्हतं.

मग मी सवयीनं ती उचलली. दोन्ही हातांनी, जमिनीपासून वीतभर. "साडेतेवीस," मी म्हणालो.

दुकानदारानं कागद काढून बघितला. तेवीस किलो चारशे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी सायकल घेतली त्यात मोटरचा वाटा किती आणि त्या नजरेचा किती, ते देवालाच ठाऊक.

पुढच्या रविवारी जोतिबाला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. पायाखाली कुणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटत होतं. दोन-तीन रविवार मी हवेत होतो. आता कळतं की ती मोटर माझा आजार झाकत होती आणि मी तिला शाबासकी देत होतो.

सायकल बदलली

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. सायकल रोज उचलून व्हरांड्यात ठेवावी लागते. एका संध्याकाळी यार्डातून घरी आल्यावर मी ती उचलली आणि हात म्हणाला, एकतीस.

मी खाली ठेवली. परत उचलली. बत्तीस.

मी तडक दुकानदाराला फोन लावला. पंधरवड्यापूर्वी सर्व्हिसिंगला दिली होती, तेव्हा यानं बदलली असणार. म्हणालो, "काय हो पावणं, माझी ठेवून घेऊन दुसरीच जड सायकल दिलीसा व्हय?"

"ओ काका, फ्रेमवरचा नंबर बघा की. तुमचीच हाय ती."

नंबर बघितला. माझीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलली तर साडेतेवीस. मी पायरीवर उभा राहून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. संध्याकाळी पुन्हा तीसच्या वर. मी परत फोन केला आणि विचारलं की दिवसभरात चार्जिंग उतरलं की बॅटरी जड होते का.

दुकानदारानं आधी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "काका, वीज वजनाला नसती ओ."

त्या वाक्यावर आमच्या यार्डात पुढे दोन महिने लोक हसत होते. हसायलाच पाहिजे. पण एक्कावन्न वर्षांच्या माणसाला बॅटरीवर, दुकानदारावर, सर्व्हिसिंगवर संशय आला आणि स्वतःवर नाही आला, ही खरी हसण्याची गोष्ट आहे.

सरकारी शिक्क्याचं वजन

मग पेढीवरही तेच सुरू झालं. सकाळच्या मालाला माझा आकडा बरोबर, दुपारनंतरच्या मालाला काटा कमी दाखवायचा. मी म्हणायचो बारा, काटा म्हणायचा दहा. मी मामांवर ओरडलो. अण्णाला सांगितलं की उन्हानं काटा फिरतो, काटादुरुस्तीवाल्याला बोलव. अण्णाची माझ्यावर आधीच खप्पामर्जी होती. तीन आठवड्यांपासून माझी डावी पापणी संध्याकाळी अर्धी खाली यायची आणि त्याला वाटायचं मी पेंगतोय. "गिऱ्हाइकाला डोळा मारालायस काय? रातच्याला झोपत जा की जरा," असं चारचौघांत म्हणाला होता.

काटादुरुस्तीवाला आपली लोखंडी वजनं घेऊन आला. प्रत्येक वजनावर सरकारी शिक्का. पाच ठेवलं, पाच दाखवलं. दहा ठेवलं, दहा. वीस ठेवलं, वीस. "काटा एकदम बरोबर हाय साहेब," म्हणाला आणि पेटी आवरायला लागला.

मामा थांबा म्हणाले. त्यांनी वीसचं वजन उचलून माझ्यासमोर ठेवलं. "शेठ, डोळं झाका आनि उचला. आता सांगा."

मी डोळे मिटले आणि उचललं. खरं सांगतो, मी मन लावून उचललं. हातांनी प्रामाणिकपणे आकडा दिला. अठ्ठावीस.

"सरकारी शिक्का हाय शेठ त्याच्यावर," मामांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "ईस किलो हाय ते. काटा बिघडल्याला न्हाय. सायकल बी बदलल्याली न्हाय. तुमी दवाखान्यात जावा."

मी खाली बसलो. अण्णा गल्ल्यावरून उठून आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आजाराचं नाव पुढच्या आठवड्यात कळलं, पण माझ्या मते निदान त्या दिवशी झालं, आणि ते एका तोलाईवाल्यानं केलं.

बर्फ

न्यूरोच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. मी त्यांना सायकल, काटा, बॅटरी सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या एकदाही हसल्या नाहीत. "सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, आणि विश्रांतीनंतर पुन्हा बरं, असंच ना?" मी मान हलवली. त्यांनी एका रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि माझ्या पडलेल्या पापणीवर धरला. दोन मिनिटं. घड्याळ लावून.

बर्फ काढला आणि पापणी वर गेली.

विजया समोरच्या खुर्चीवर होती. "अगंबाई!" म्हणून तिनं तोंडावर हात धरला. चार आठवडे अर्धा मिटलेला डोळा नुसत्या बर्फानं टक्क उघडला होता. थोड्या वेळानं पापणी हळूहळू परत खाली आली, पण तेवढ्या वेळात मी डॉक्टरांची अख्खी खोली बघून घेतली. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरची पाण्याची बाटली, विजयाचा चेहरा. इतकी साधी गोष्ट बघून ऊर भरून येतो हे मला माहीत नव्हतं.

आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. पुढे रक्ताच्या, विजेच्या झटक्यांच्या तपासण्या झाल्या आणि नाव पक्कं झालं. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते असं, की मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो, पण आपलंच रक्त मधे दार लावून बसलेलं असतं. हुकूम पोचतो तेवढा पोचतो. स्नायू चांगला, नस चांगली, मधलं दार बंद. बरा होणारा नाही म्हणाल्या, पण हाताळता येणारा आहे.

मी विचारलं, "म्हणजे माझा हात खोटं बोलत नव्हता?"

"हात खरं तेच बोलत होता," त्या म्हणाल्या. "त्याला तेवढं जड लागत होतं."

घरी येताना रिक्षात मी रडलो. आजाराचं नाव कळलं म्हणून नाही. हात खोटा नव्हता म्हणून.

एका श्वासात

गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात जबड्यात, हातात जीव यायचा, काही तासांनी उतरायचा. वाटलं, जमलं. मग मला साधी सर्दी झाली आणि तीन दिवसांत पाणी नाकातून परत यायला लागलं. विजयानं अण्णाला गाडी काढायला लावून मला दवाखान्यात नेलं. दुपारची वेळ होती.

डॉक्टरबाईंनी मला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. मी चोवीसपर्यंत गेलो. तासाभरानं परत, सोळा. संध्याकाळच्या आत अकरा. मी आयुष्यभर आकडे पुकारले आहेत. यार्डातला गलका चिरून माझा आवाज दुसऱ्या टोकाला जायचा, आणि आता मला बारा म्हणता येत नव्हतं. विजया माझ्याबरोबर ओठांनी मोजत होती. मी अकरावर थांबलो, तरी ती पुढे मोजत राहिली, बारा, तेरा, चौदा. जणू तिनं मोजले तर माझ्या खात्यात जमा होतील. तेव्हा मला भीती वाटली. नुसती काळजी नव्हे, खरी भीती.

आयसीयूत घेतलं, घशात नळी घातली, श्वास मशीनवर गेला. पाच दिवस. रक्तातला दार अडवणारा भाग मशीननं गाळून काढायचा, असा उपचार एक दिवसाआड चालू होता. तिथलं सगळं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की छाती उचलावी लागते हे मला माहीत नव्हतं. पापणी उचलावी लागते, जीभ उचलावी लागते, थुंकी गिळताना घसा उचलावा लागतो. माणूस जन्मल्यापासून दिवसभर किती वजन उचलतो, आणि त्याला वाटतं आपण रिकामे बसलोय! तीस किलोचे रवे उचलून मी स्वतःला पैलवान समजत होतो. खरं काम दुसरीकडेच चाललं होतं आणि त्याची मजुरी कधी कुणी मागितली नव्हती.

गगनबावड्याकडची एक नर्स होती. तिचं "पडून ऱ्हावा काका, श्वासाचं मशीन बघून घेतंय, तुमी कशाला कष्ट घेतायसा?" ऐकलं की मला खरंच सुटल्यासारखं वाटायचं.

पापण्या मिटलेल्या, तोंडात नळी, बोलणं बंद. ठरलेल्या वेळी विजया यायची. काय बोलावं तिला सुचत नसे. एका भेटीत तिनं माझा हात उताणा केला आणि तळव्यावर काहीतरी ठेवलं. कानाशी येऊन विचारलं, "किती?"

मोसंबं होतं. मी बोटं हलवली, दोन. दोनशे ग्रॅम. ती हसली, मला ऐकू आलं. मग रोज काहीतरी आणायची. किल्ल्यांचा जुडगा, तिचा चष्मा, अण्णानं पाठवलेला गुळाचा खडा. शेवटी एक दिवस तिनं काहीच आणलं नव्हतं, म्हणून स्वतःचा हात माझ्या तळव्यावर ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. मी चार बोटं दाखवली. चारशे ग्रॅम. सव्वीस वर्षांच्या संसारात जगातली हरएक वस्तू तोलली, पण हा हात कधी तोलला नव्हता.

सूर्यास्ताच्या आत

घरी आलो आणि खरी परीक्षा घरच्यांची झाली. आम्ही जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारे. आणि नेमकी तीच माझी जबडा दमण्याची वेळ. पहिल्या संध्याकाळी भाकरीचा तिसरा घास तोंडात तसाच राहिला, चावताच येईना. मी ताट सरकवलं. विजयाला वाटलं मी चिडलोय, आणि मी चिडलोही होतो. अण्णा जेवायला आला होता, तो म्हणाला, "मन घट कर की जरा." त्यावर विजया आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिराशी उलटून बोलली. "मन घट हाय त्यांचं, भावजी. जबडा न्हाई. दोन्हीतला फरक कळंना तुमास्नी?" अण्णा उठून गेला. आठवडाभर आला नाही, मग आला तो पातळ कण्या करून घेऊन आला. स्वतः शिजवल्या होत्या, करपट.

विजयानं माझ्या गोळीच्या वेळा बघितल्या आणि घरातलं संध्याकाळचं जेवण साडेचारला आणलं. गोळी पावणेचारला, जेवण साडेचारला. भाकरी दुधात कुस्करलेली. ती पण त्याच वेळी जेवायची. रात्रीच्या गोळीबरोबर पोटात काहीतरी जाणं भाग होतं. मी का-कू करत होतो. आमच्या घरात दिवे लागल्यावर चूल पेटलेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं स्वतः दूध गरम करून दिलं आणि म्हणाली, "घ्या. देवाला मी सांगितलंय." पेला रिकामा होईपर्यंत ती समोरून हलली नाही.

ज्यांना हा आजार आहे त्यांना एवढंच सांगतो. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्याही, आधी आजाराचं नाव सांगा. काही साधी औषधंही आपल्याला सोसत नाहीत. सर्दी-खोकला अंगावर काढू नका. आणि कुणी आळशी म्हटलं तर त्याला एका श्वासात मोजायला लावू नका, तो जिंकेल.

आज किती?

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंनी सायकलला परवानगी दिली. सपाट रस्ता, मोटर चालू, सोबत माणूस, दमायच्या आत थांबायचं. रंकाळ्याची एक फेरी मारून मी घरी आलो तेव्हा तीन पायऱ्या समोर होत्या. उचलली. हात म्हणाला, एकोणतीस.

आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सायकल तेवीस किलो चारशे आहे. काल तेवढीच होती, उद्याही तेवढीच असणार. हात एकोणतीस म्हणतोय. मग वरचं साडेपाच किलो कुणाचं? ते आजाराचं. इतके दिवस जो आजार कशातच धरता येत नव्हता, त्याला मी पायरीवर उभा राहून तोलला होता. मी विजयाला हाक मारून सांगितलं, "आजार साडेपाच किलो भरला!" तिला वाटलं मला ताप चढलाय.

पण समजल्यावर तिनंच रोजचा नेम केला. सायकल आणून पायरीशी लावली की आतून विचारायची, "आज किती?" मी सांगायचो. चार. तीन. सर्दीच्या आठवड्यात नऊ. डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे शास्त्र नाही, पण सांगत जा. काही संध्याकाळी सायकल जमिनीवरून हलायचीच नाही. अशा वेळी विजया पदर खोचून बाहेर यायची आणि काही न बोलता मागचं चाक धरायची. मी पुढून, ती मागून, तीन पायऱ्या. वर ठेवली की ती परत आत.

गेल्या महिन्यात जोतिबाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. डोंगर चढलो नाही, खालूनच नमस्कार केला. घरी येऊन संध्याकाळी सायकल उचलली आणि हात म्हणाला, साडेतेवीस.

मी खाली ठेवली. डोळे मिटून परत उचलली. साडेतेवीस. तिसऱ्यांदा उचलायची हिंमत झाली नाही.

"आज किती?" आतून आवाज आला.

"काहीच न्हाई," मी म्हणालो.

भांड्यांचा आवाज थांबला. विजया ओल्या हातांनी दारात आली. "परत सांगा."

"आज आजाराला वजनच न्हाई. नुसती सायकल हाय."

उद्या परत तीन किलो असेल हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. आणि खरंच दुसऱ्या दिवशी अडीच होतं. पण त्या संध्याकाळी ती पायऱ्या उतरून खाली आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बघू तरी, मला एकटीला उचलतीय का." तिनं दोन्ही हातांनी सायकल धरली आणि जोर लावला. चाकं जेमतेम दोन बोटं उठली.

"अगंबाई! केवढी जड हाय ओ ही!"

इतके महिने, मला झेपत नसे त्या संध्याकाळी तिनं हीच सायकल माझ्याबरोबर उचलली होती. एकदाही तिच्या तोंडून हा शब्द आला नव्हता.

"कधी म्हणाली नाहीस," मी म्हणालो.

"तुमचं तुमाला जड झालं होतं की," ती म्हणाली. "त्यात माझं कशाला घालू?"

मी तिच्या हातातून सायकल घेतली आणि तिन्ही पायऱ्या चढून वर ठेवली. तेवीस किलो चारशेच होती.